कंट्रोल दाबून क्यू

कोकणातला पुरुष मुंबईला आणि बायको गावाला, ही आमच्याकडची रीत. आमच्या घरात ती उलटी झाली, कारण आम्ही दोघं एकाच कंपनीत होतो आणि संगणकातलं तिला कळत होतं. दोन हजार सालच्या सुमारास हेड ऑफिसने तिला वर्षभरासाठी मुंबईला नेलं. मुलगीही शाळेसाठी तिच्याबरोबर गेली. मी रत्नागिरीच्या शाखेत आंब्याच्या पेट्यांची आवकजावक बघत राहिलो.

रोज संध्याकाळी फोनच्या लायनीवरून मुंबईच्या यंत्राला जोडून घ्यायचं आणि दिवसाचे आकडे भरायचे. त्या यंत्रात एक सोय होती. इथे ओळ लिहून एंटर दाबलं की ती तिकडे दुसऱ्याच्या पडद्यावर उमटे. आकडे झाले की आम्ही तिथे बोलायचो, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. बोलायचो म्हणजे मी तक्रारी करायचो.

"पुसायची कळ दाबली की पुसलं जात नाही. टोपी घातलेला एच उमटतो."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

"अहो, म्हणजे दिवाळीपासून तुम्ही एकही चूक पुसली नाहीत?"

"करतच नाही तर पुसू काय?"

तिने यंत्राला द्यायच्या हुकमाची एक ओळ लिहायला सांगितली, ती लिहिली आणि एच गेला. मला जरा वाईटच वाटलं. बोलायला तेवढाच एक विषय होता.

आंब्याचा हंगाम भरात असताना एका संध्याकाळी तिने लिहिलं, "इथे आणखी दोन वर्षं रहाल का, विचारतायत. तुमचं काय मत?"

"रहा की. माझं इथे काय अडतंय?" मी लिहिलं, एंटर दाबलं आणि सवयीने कंट्रोल एस. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून दर दोन ओळींनी कंट्रोल एस दाबून काम साठवायचं, असं आम्हाला शिकवलेलं. पंखा जरा मंदावला तरी बोटं तिकडे जात.

पडदा थिजला. काही केल्या अक्षर उमटेना. लाइन तुटली, असं मी समजलो. उठून घरी जायचं, तर घरी कोण होतं? मग त्या मेलेल्या पडद्यासमोर बसून टाइप करत राहिलो, ओळ संपली की एंटर. अडतं. पेज रोज उतू जाते. कुलूप उघडताना आतून कुणी 'कोण' म्हणून विचारत नाही. तुझ्या बाजूची खिडकी मी उघडलेली नाही. परत ये. दिसत नसलं की माणूस फार छान लिहितो.

पलीकडच्या टेबलावरचा, दुसऱ्या लायनीचा फोन वाजला. तीच होती.

"कंट्रोल एस दाबलंत ना?"

"साठवायला."

"त्याने या यंत्रात पडदा थांबतो. फक्त तुमचा. तुम्ही लिहिता ते इकडे येतच असतं."

मी वळून त्या थिजलेल्या पडद्याकडे पाहिलं.

"पेज उतू जाते तर मोठं पातेलं घ्या," ती म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता. "आता कंट्रोल दाबून क्यू." आणि फोन ठेवला.

दाबलं. अडून राहिलेलं सगळं भराभर खाली आलं, तिच्या ओळीसुद्धा. "लाइन चालू आहे." "अहो, मी वाचतेय." "खिडकी उघडा, वाळवी लागेल." आणि सगळ्यात शेवटी, "मी सकाळीच हो सांगून बसले. तुम्ही रहाच म्हणणार, असं धरून चालले होते."

ती ओळ पुसायची कळ काही माझ्याकडे नव्हती. घरी जाऊन खिडकी उघडली. मोठं पातेलं तिने माळ्यावर ठेवलेलं, ते काढलं नाही. एकट्यापुरती पेज त्यात तळाला लागली असती.

ती दोन वर्षं तिकडेच राहिली. आकडे भरून झाले की आम्ही बोलायचो. काही खरं लिहायचं असलं की मी आधी कंट्रोल एस दाबून घ्यायचो. क्यू दाबायला मात्र वेळ लावायचो. तिकडून काय आलं असेल, ते वाचायला धीर लागे.