मेंढ्यांनी वळू नये म्हणून

भात कापून नेलेल्या खाचरांना पौषात, ऊन कलू लागले की एक वास येतो. ओल सरलेल्या मातीचा, दिवसभर तापलेल्या धसकटांचा, आणि खतासाठी रानात मेंढ्या बसवल्या असतील तर लोकरीचा आणि लेंड्यांचाही, जरासा आंबट, उबदार. पौडच्या पुढे वडिलांनी ठेवलेल्या आमच्या तुकड्यावर हा वास नाकात शिरला की कुणीतरी आपल्यापासून काहीतरी लपवते आहे, असे मला वाटू लागते. तसा संशय हा माझा स्थायीभावच आहे. दूधवाल्यापासून देवापर्यंत कुणीही त्यातून सुटलेले नाही, आणि खरे सांगायचे तर त्याने माझे आयुष्य फारच रंगतदार केले आहे.

त्यामुळे शेजारचा नंदन आयर्लंडमधली नोकरी सोडून, दाढी आणि एक कविता घेऊन पुण्याजवळ सूसला परतला, तेव्हा मी आधी दाढीवर संशय घेतला आणि मग कवितेवर. सोसायटीतल्या आम्हा वीसेक हौशी गळ्यांचे वृंदगान तो बसवतो. कविता तिकडच्या, आजच्या काळातल्या एका कवयित्रीची. कुरण विकले गेले आहे, गायी गेल्या आहेत, तरी रोज संध्याकाळी आई मागच्या दारात उभी राहून एकेका गायीला नावाने हाक मारते, आणि उत्तरादाखल दारापर्यंत फक्त धुके येते, एवढीच. नंदनने तिचे मराठी केले आणि ते चार पट्ट्यांतल्या आवाजांत एकावर एक रचले, धुक्याचे थर रचावेत तसे. गायींची नावे मात्र त्याने मूळचीच ठेवली, आणि ती उच्चारताना वरच्या पट्टीतल्या बायकांची तोंडे गरम वरणफळ जिभेवर आल्यासारखी होत. मला ते पाहायला आवडे.

कवितेच्या मध्यभागी त्याला आपल्या मातीतली एक हाक हवी होती. आमच्या रानात मेंढ्या घेऊन उतरलेल्या ठकूबाईची हाक त्याने कधीतरी बांधाआडून फोनवर टिपून घेतली होती. छातीच्या तळातून निघणारी, वर जाताना एका जागी चिरकणारी, शेवटी टाळूवर जीभ वाजवून थांबणारी ती हाक आम्हाला शिकवताना तो अगदी उजळून जाई. कवयित्रीची परवानगी त्याने समुद्रापलीकडून अदबीने मागून घेतली होती. ठकूबाई बांधापलीकडेच होती, पण तिला विचारायचे त्याच्या मनातही आले नाही. लोकसंगीत सगळ्यांचेच असते, असे तो भाबडेपणाने म्हणाला. मग मी जाऊन ठकूबाईला सगळे सांगून टाकले. चहाडी ही एक कला आहे आणि ती मी मनापासून जोपासली आहे.

ठकूबाई रागावली नाही; तिने डोळे बारीक केले, हे जास्त वाईट होते. ही हाक तिच्या घराची. सासूने तिला दिली. लेकी सासरी गेल्या तेव्हा ती इथेच ठेवून गेल्या, कारण हाक म्हणजे कळपाची किल्लीच. वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बसलेली मेंढरे त्याच आवाजावर उठतात आणि त्याच आवाजामागून चालतात. ती सूसच्या वीस तोंडांत गेली, तिथून फोनवर, फोनवरून रस्त्यावर, तर उद्या कुणीही टेम्पो उभा करून तिची मेंढरे चढवून नेईल. आधीच उरवड्याच्या कारखान्यात लागलेला मुलगा तिच्यामागे लागला होता, की चराऊ रान उरले नाही, यंदा मेंढरे विकून टाकू.

नंदन माफी मागायला गेला आणि तिला आजी म्हणून बसला.

"आजी कुणाची? दात मोज माजे," ती म्हणाली. मग काठीने खाचर दाखवून तिने अट घातली. "हितं म्हणा, मेंढरांम्होरं. येक जरी वळली तरी तुमचं गानं बंद."

मेंढ्यांपुढे परीक्षा देणारे मराठी भाषेतले हे पहिलेच वृंदगान असावे. रविवारी दुपारी मोटारी बांधाला लावून आम्ही धसकटांत उभे राहिलो. कुणाच्या साडीला कुसळे, कुणाच्या बुटाला लेंड्या. नंदन आमच्याकडे तोंड करून, म्हणजे कळपाकडे पाठ करून उभा. बाकी सगळ्यांनी त्याच्या हातावर नजर ठेवायची. मी गाताना कधीच कुणाच्या हाताकडे पाहत नाही. मी ठकूबाईकडे पाहत होते आणि ती आमच्याकडे, चोराच्या घराची झडती घ्यायला आल्यासारखी.

ऊन पिवळे झाले होते. मेंढ्या खाली माना घालून चरत होत्या. आवाज उठले, पसरले, आणि मधली हाक आली. चार पट्ट्यांत विभागलेली, तालात बसवलेली, चिरक काढून टाकलेली, फार सुंदर. एकही मेंढी हलली नाही. ठकूबाईचे खांदे सैल पडले, आणि मग तिच्या चेहऱ्यावर थोडा अपमानही उमटला, की एवढ्या गळ्यांना आपली हाक पेलली नाही.

उरला होता शेवट. तिथे वरचे आवाज थांबतात आणि खालच्या पट्टीतल्या आम्ही चार बायका त्या परक्या आईची शेवटची हाक देतो, फक्त एका गायीचे नाव. गारठ्याने आमचे घसे बसले होते. ते नाव जसे यायचे तसे आले नाही, मध्येच चिरकले, ठकूबाईचे चिरकते तसे. आणि बांडी नावाच्या, कान फाटलेल्या म्हाताऱ्या मेंढीने मान वर केली. तोंडातले धसकट तसेच ठेवून ती आमच्याकडे वळली आणि दोन-चार पावले चालूनही आली.

हे मी पाहिले. ठकूबाईने पाहिले, आणि मी पाहिले हेही तिने पाहिले. ती सावकाश पुढे झाली, लुगड्याच्या आडोशाने बांडीला मागे ढकलले आणि घोंगडी झटकल्यासारखे केले. गाणे संपले तेव्हा सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"येक बी न्हाई वळली," ती म्हणाली. "म्हणा तुमी."

टाळ्या झाल्या, नंदनचे डोळे भरले, थर्मासमधला चहा फिरला. मी अर्थातच कप घेऊन तिच्याशेजारी सरकले आणि बांडीचे काय, असे हळूच विचारले.

"माशी बसली आसंल," ती रानाकडे बघत म्हणाली. कप अर्धा झाल्यावर तिने विचारले, "त्या बाईच्या गाया गेल्या कुटं?"

"विकल्या."

"आन् तरी हाक मारतीया?"

"रोज. गाण्यात तरी रोज."

"येडी हाय," ती म्हणाली, आणि उरलेला चहा धसकटांत ओतून उठली.

मंडळी मोटारीत बसून गेली. मी राहिले, कारण अर्धवट सुटलेला संशय टाकून घरी जाणे मला जमत नाही. डोंगराची सावली खाचरांवर सरकत आली तशी ठकूबाईने हाक दिली, तळातून, चिरकत. कळप उठला, एकमेकांना घासत वाघरीत शिरला. सर्वांत शेवटी बांडी. ठकूबाईने जाळी बांधली, गाठ ओढून पाहिली. बाहेर काहीच उरले नव्हते, गार होत चाललेले रान तेवढे. तिकडे तोंड करून तिने पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा हलकेच, तीच हाक मारली आणि थोडा वेळ उभी राहिली.

मुलगा जिंकला आणि मेंढरे विकायचे ठरले की काय, की ती नुसतीच, पुढे कधी लागेल म्हणून, रिकाम्या रानाला हाक मारून बघत होती, ते मला कळले नाही. संशय आला आहे. तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही.