होडीत बसवलेला माणूस

महादेवी माझ्या पाठीला करडीचं तेल चोळत होती. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं हे शेवटचं काम. बॅरेजच्या काठावर, सकाळच्या उन्हात. भीमेचं अडवलेलं पाणी गार असतंय, तेल लावलं की अंग लवकर आखडत न्हाई. मागनं एकजण म्हणाला, "अक्का, म्हाताऱ्याला तळायलाव का?" सगळे हसले. तिचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला, जरा जोरात.

त्या दिवशी मोठ्या स्पर्धेसाठी लांब पोहण्याची निवड होती. बॅरेजपासून काठची शिवारं मागं टाकत पार वरच्या घाटापर्यंत. पोरं शहरातनं आलती. चष्मे, रबरी टोप्या. मी लंगोटावर. नाव द्यायला गेलो, तर टेबलामागं आमच्या गावच्या गौडाचा, म्हंजी पाटलाचा, लेक बसलेला. स्पर्धा त्यानंच भरवलेली. म्हणाला, "मामा, हे पोहणं हाय, मेंढरं धुणं न्हाई. तुमी होडीत बसा. कुणी बुडलं तर काढा."

मी बसलो.

हेच गिळवत न्हाई. कुणी दंडाला धरून बसवलं न्हाई. माझा मीच बसलो.

सवय. दहा वर्साचा होतो तवा ह्याच गौडाच्या लेकाच्या आज्याच्या विहिरीत घागर पडली. मेंढरं नदीपार नेताना बापानं मला पोहायला शिकवलेलं. बुडी मारली, घागर काढली. पाणी बरं वाटलं म्हणून दोन फेऱ्या मारल्या. वरनं दगड आला. "काम झालं. भाईर निघ." तवापासनं कुणाची बादली पडली, मोटर अडकली, नदीत मढं सापडंना, की मला बोलवणं. पोहायला कधीच न्हाई.

म्हातारपणी मेंढरं इकली. महादेवी म्हणाली, "लोकाचं लई काढलाव पाण्यातनं. आता आपल्यासाठी पोहा." मी पाण्यात, ती माझे कपडे बगलंत घेऊन काठानं चालायची. डोकं पाण्यात असलं की दिशा कळत न्हाई. श्वासाला मान वळवली की तिचं लाल लुगडं दिसायचं, त्याच्यावर सरळ जायचा. आधी म्हसोबापर्यंत. मग पंपघरापर्यंत. दोन वर्सांनी घाटापर्यंत. ती दमली की मीबी थांबायचा.

त्या निवडीच्या दिवशी होडीतनं दोन पोरं ओढून काढली. घरी चुलीपाशी बसल्यावर महादेवी म्हणाली, "तुमी तर बुडत नव्हताव. मग होडीत कामून बसलाव?"

चौथ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. कलबुर्गीच्या वाटंवर गाडीतच गेली.

राख सावडून आलो त्या संध्याकाळी गौडाच्या लेकाचा माणूस दारात. "मामा, लई वाईट झालं. उद्या मोठी स्पर्धा हाय. होडीत तुमीच लागताव." एकाच दमात बोलला.

"बसणार न्हाई."

"सुतक हाय म्हणून का?"

"न्हाई. बसायचं न्हाई म्हणून."

सत्तरीत हे पहिल्यांदाच बोललो. तेबी ती ऐकायला नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. भाऊ म्हणाला, "सुतकात कुठं चाललास?" थांबलो न्हाई. बॅरेजवर पोरांच्या रांगेत जाऊन उभारलो. दंडावर नंबर न्हाई. गौडाचा लेक वरडला, "ओ मामा, तुमचं तिकडं!" शिट्टी वाजली. मी पाण्यात उडी घेतली.

मान वळवली की काठ नुसता मोकळा. दोनदा वाट चुकलो. खांदे दुखायला लागले. मधोमध त्यांची होडी आली. आतला म्हणाला, "चढा वर. तुमी यादीत न्हाईव."

मी हात मारत राहिलो.

यादीत घाला, नका घालू. रोज सकाळी येणार. कुणी बुडलं तर आजबी काढीन. पण पोहत जाऊन काढीन. तुमच्या होडीत पाय ठेवणार न्हाई.