स्कूटरवरचा पहिला नंबर

गुडघ्याला मलम चोळलं की त्याच्या उग्र वासाने मला ते धावण्याचं ऑनलाइन चॅलेंज आठवतं. नानाखेड्यातल्या आमच्या कॉलनीने ते महिनाभर ठेवलं होतं. रोज पहाटे धावून माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं, तरी अ‍ॅपवर वरच्या मजल्यावरचे दादा कायम माझ्या पुढेच असायचे. एका सकाळी देवास गेटला ते मला स्कूटरवर दिसले, दंडाला मोबाइल बांधून आरामात चाललेले. घरी येऊन पाहिलं, तर त्याच वेळी अ‍ॅपवर त्यांची धाव नोंदलेली. बक्षीस समारंभात त्यांच्या गळ्यात हार पडला आणि मी माइक घेतला, "दादा, विनर के साथ मैदान के दो चक्कर तो बनते हैं!" लोकांनी टाळ्या वाजवून त्यांना उठवलंच. अर्ध्या फेरीतच ते कमरेवर हात ठेवून धापा टाकत थांबले. मी तिथेच जागच्या जागी धावत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दादा, स्कूटर आणू का?" मैदानभर हशा पिकला. ते हार काढून, मान खाली घालून घरी गेले. अजूनही जिन्यात भेटले की मी गोड हसून विचारते, "आज किती किलोमीटर?" आणि उत्तर मिळेपर्यंत वाट सोडत नाही.