भुलाबाईच्या मातीत कापूस

मलकापूरच्या फलाटावर गाडी लागली तरी मी यादीच तपासत होते. वळकटी, तांब्या, शिफारसपत्र, रंगपेटी.

"माती नाही घेतली?" आईनं विचारलं.

"पुण्यात माती नसन काय, माय?"

"असन. पण तिथं हात रिकामे ठेवजो नको."

माझ्या गावच्या, वडनेरच्या मैत्रिणींनो, इथं पुण्यात मनोरुग्णांच्या इस्पितळात मी नेमकं करते काय, असं तुम्ही पत्रात विचारता. मी इथं आले तेव्हा महाराष्ट्राचं नवं राज्य नुकतंच झालं होतं. पहिली दोन वर्षं मी रुग्णांना हस्तकला शिकवली. म्हणजे माती वाटली, ब्रश मोजून परत घेतले, वहीत नोंदी केल्या. स्वतः काहीच घडवलं नाही. शिकवणाऱ्या बाईचे हात स्वच्छ असावेत, असं मला वाटायचं. वऱ्हाडी बोलणंही मी ट्रंकेत ठेवलं होतं.

सगुणाबाई नावाची रुग्ण भिंतीकडे तोंड करून बसायची. मातीला हात लावत नसे, कुणाशी बोलत नसे. महिनाअखेरीस तिला बंद वॉर्डात हलवायचं डॉक्टरांनी ठरवलं. माझ्या यादीतले सगळे उपाय संपले होते. भाद्रपदाची पौर्णिमा होती. या दिवशी आपण मुली भुलाबाईची, म्हणजे पार्वतीची, मातीची मूर्ती बसवायचो. काही सुचेना, म्हणून तिच्याशेजारी बसून मी तीच घडवली. दुसऱ्या दिवशी त्या मूर्तीला गळ्यापासून कमरेपर्यंत तडा.

सगुणाबाईनं मान वळवली. "काऊन वो, कापूस नाही कालवला? कापसाबिगर माती तडकतेच."

"इसरली," मी म्हणाले.

"मंग लोकायले काय शिकवून राह्यली तू?"

तिनं आपल्या गादीची शिवण उसवली आणि मूठभर कापूस माझ्यापुढे ठेवला. मग स्वतःच माती मळायला घेतली. मला वहीत लिहावं लागलं: गादी एक, फाटली, कारण, भुलाबाई. डॉक्टरांनी ते वाचलं आणि तिचं नाव वर्गातच राहू दिलं.

ती कशानं बोलली असेल? मूर्तीमुळे, की माझं काम बिघडलेलं पाहून? अजून उलगडलेलं नाही. पण तेव्हापासून वर्गाआधी अर्धा तास मी माझी माती मळते. ज्या आठवड्यात ते राहून जातं, त्या आठवड्यात मला माणसांचे हात दिसत नाहीत, नुसतं सामान दिसतं.

वडनेरला आता माझी खोली नाही. तरी सुट्टीत तिथं गेले की परतीच्या यादीत पहिली ओळ ठरलेली असते: कापूस, एक पुडी.

"पुण्यात कापूस नसन काय वो?" आई हसते, आणि पुडी बांधायला बसते. ती बांधून होईपर्यंत मी घरी असते. इस्पितळातल्या गाद्याही त्या पुडीमुळे शाबूत आहेत.