पांढरकवड्याचा बर्फ आणि समुद्रावरचा अमोनिया

मला सोबत नेण्याचं कारण नदीमने लपवलं नाही. "अब्बा पाहुण्यासमोर ओरडत नाहीत," तो म्हणाला.

नदीम माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी मराठी शिकवण्यात राहिलो, तो जहाजांच्या इंजिनांकडे गेला. आता त्याला अमोनियावर चालणाऱ्या एका नव्या जहाजावर बोलावणं आलं आहे. अशी जहाजं आत्ता कुठे पाण्यात उतरत आहेत. त्याचे वडील, युसूफचाचा, पांढरकवड्याच्या बर्फ कारखान्यात यंत्रं सांभाळतात. तिथली थंडी अमोनियानेच तयार होते. हा वायू काय करू शकतो ते चाचांना माहीत आहे. त्यांच्या होकाराशिवाय नदीम जाणार नव्हता, आणि कंपनीला याच आठवड्यात उत्तर हवं होतं.

नागपूरहून सकाळची एसटी पकडावी. एप्रिलमध्ये तर नक्कीच, कारण दहानंतर खिडकीची पट्टीही हात लावू देत नाही. रस्ता चांगला आहे, हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांचा. वाटेत जामच्या फाट्यावर चहा. हिंगणघाटच्या पुढे शेतं रिकामी, बांधावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग, मधूनच एखादा पळस.

बसमध्ये मी त्याला अमोनियाबद्दल विचारलं, आणि त्याने समजावलं. त्यात कार्बन नाही, म्हणून जळताना कार्बन डायऑक्साइड निघत नाही. पेट घ्यायला तो आळशी, म्हणून सोबत थोडं डिझेल लागतं. आणि आजचा बहुतेक अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो. तो ऊन-वाऱ्याच्या विजेवर बनला, तरच ही सगळी खटपट कामाची.

"मग आत्ताच घाई कशाला?"

"इंजिन आधी शिकावं लागतं. स्वच्छ अमोनिया मागून येईल."

"नाही आला तर?"

त्याने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. वडकी गाव आलं.

पांढरकवड्याला लोक उतरतात ते टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघांसाठी. तुम्हीही त्यासाठीच जाल, तर सफारी आधी ठरवून ठेवा आणि स्टँडजवळ तर्री पोहे खा. तर्री, म्हणजे तिखट रस्सा, आधी चाखून मगच वरून मागा. आम्ही थेट घरी गेलो. चाचीने डाळ-मटणाचा दालचा, भात आणि अंबाडीची चटणी केली होती. नदीमने जेवता जेवता सांगून टाकलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाले, "उद्या कारखान्यात या दोघंबी."

चाची मला हळूच म्हणाली, "चूप हायेत ना, हे ओरडण्यापेक्षा बेकार."

कारखाना गावाच्या टोकाला आहे. आत मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, वर लाकडी झाकणं, झाकणांखाली पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे. त्यांतून लाद्या निघतात. बाहेर रसवंतीवाले आणि लग्नघरची माणसं हातगाड्या घेऊन उभी. चाचांचा एक नियम आहे: यंत्रघरात शिरणाऱ्याच्या गळ्यात ओला दुपट्टा हवा, कारण ओलं कापड अमोनिया शोषून घेतं. त्यांनी स्वतः नळाखाली भिजवून माझ्या गळ्यात घातला. "नवरदेव दिसून राह्यले," ते म्हणाले. मला वाटलं, आता जमेल.

कॉम्प्रेसरच्या मागे गेलो आणि माझे डोळे चुरचुरले. गोठा धुतला नाही की येतो तसा, पण सुईसारखा वास.

"वास येतोय," मी म्हणालो.

"कायचा?" चाचा म्हणाले.

"तुला सवय नाही," नदीम हसला. तो त्या पाइपांच्या अगदी जवळ उभा होता. "इथे रोजचंच आहे."

मी खोकत बाहेर आलो. पाहुण्याचा मान म्हणून चाचांनी गंधकाची वात पेटवली. गळती शोधायची ही त्यांची रीत: वात पाइपाजवळून फिरवायची, जिथे अमोनिया असेल तिथे धूर दाट पांढरा होतो. दारातून मला दिसत होतं. वात एका व्हॉल्व्हपाशी गेली आणि पांढऱ्या धुराचा पुंजका झाला. चाचांनी नदीमला मागे ढकललं, तोंडावर दुपट्टा ओढला आणि पाना फिरवला. गळती किरकोळ होती. काम लगेच झालं.

मग बाहेर कडुलिंबाखाली येऊन ते बसले.

"तू जवळ होता. तुले नाही आला वास?"

"नाही, अब्बा."

"मलेबी नाही." त्यांनी दुपट्ट्याला हात पुसले. "लहानपणी माह्या डबा घेऊन रोज इथंच यायचा तू. माह्यंच नाक भेटलं तुले."

"जहाजावर नाकाचं काम नसतं. पाइप दुहेरी असतात. जरा गळलं की मीटर वाजतं."

"वाजलं. अन् तुले वास नाही. मंग काय करशीन?"

"बाहेर येईन."

"आता हे वाजले ना," चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "आला का तू बाहेर?"

नदीमने गळ्यातला दुपट्टा काढून पिळला. वाजल्याबद्दल मला ओशाळं वाटलं.

संध्याकाळभर विषय निघाला नाही. चाचांनी मला पांढरकवड्याचा बाजार दाखवला, टरबूज घेऊन दिलं, माझ्या पगाराची चौकशी केली आणि मराठी शिकायला पोरं अजून येतात का ते विचारलं. नदीम मागून चालत होता. चाचा नाही म्हणणार, असं मला वाटलं. आणि ते चुकले असं मला म्हणता आलं नसतं.

सकाळी स्टँडवर बस लागली. चाचा सोडायला आले होते. पाय पायरीवर ठेवून नदीम थांबला.

"अब्बा, जहाजावर चढलो की पयले मोठ्या इंजिनिअरले सांगतो. माह्यं नाक कामाचं नाही म्हणून. कोणी म्हटलं बाहेर निघ, तं वाद नाही घालणार."

"साऱ्यांसमोर सांगशीन?"

"हो."

"हसतीन ना बे तुले."

"हसू दे."

कंडक्टरने घंटी मारली. चाचांनी पोराची कॉलर उगाच सरळ केली. "जाय मंग," ते म्हणाले.

येताना जामला पुन्हा चहा घेतला. नदीमने तिथूनच कंपनीला होकार कळवला.

तो आता समुद्रावर आहे. त्याने नाकाचं सांगितलं, आणि जहाजावरचे सगळे हसले. मग त्याची जोडी एका नवशिक्या फिलिपिनो खलाशाशी लावली. त्या मुलाचं नाक तिखट आहे.

मी नागपुरात. या इंधनाने समुद्रावरची हवा सुधारेल की नाही, मला कळत नाही. ज्यांना कळतं तेही जपून बोलतात. पण मागच्या आठवड्यात चाचांचा फोन आला. त्यांनी मालकाच्या मागे लागून यंत्रघरात वायूचा अलार्म बसवून घेतला. परवा तो पहिल्यांदा वाजला.

"वास होता?" मी विचारलं.

"कायचा वास! काहीच नाही. मले वाटलं, बिघडला."

"मग?"

"मंग काय, आलो बाहेर. उनात उभा राह्यलो."