पावतीवर गेलेला वरवंटा

आमच्या घरात बाळाच्या आधी दगडाचं बारसं होतं. म्हणजे पाट्यावरचा वरवंटा असतो ना, त्याला न्हाऊ घालायचं, काजळ लावायचं, टोपरं चढवायचं आणि मग बायकांनी तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात द्यायचा. दगडाचे लाड उरकले की मग खऱ्या बाळाचा नंबर. आमचा वरवंटा तर आजोबा रेल्वेत लागले तेव्हा आजीने वर्ध्याहून रायपूरला मांडीवर घेऊन आणलेला. माझं बारसं त्यानेच झालं, माझ्या पोरांचंही त्यानेच झालं.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. आणि तरीही सून आठव्या महिन्यात असताना मी तो वरवंटा सरकारला देऊन आलो.

त्याचं असं झालं की मी नुकताच रिटायर झालो होतो. रिटायर माणूस घरात कुठेही बसला तरी वाटेतच बसलेला असतो. माझी बायको सुनंदा दिवसातून चारदा म्हणायची, "तुमी काहून इथं बसून राहिले? कुठीतरी जा ना बापा." तेवढ्यात पेपरात आलं की राज्य सरकारच्या संस्कृतीचं बघणाऱ्या एका कार्यालयाने जुन्या घरगुती वस्तूंचं प्रदर्शन मांडायचं ठरवलंय. वस्तू सहा महिन्यांसाठी द्या, पावती घ्या, वस्तूखाली तुमचं नाव लागेल. (शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.) मिक्सर आल्यापासून आमचा पाटा-वरवंटा मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनच्या पाइपाखाली पडलेला. घरात कोणालाही न विचारता मी त्यातला वरवंटा स्कूटरवर घातला आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या घरून थेट तेलीबांध्याला प्रदर्शनाच्या हॉलवर नेला.

तिथल्या साहू मॅडम फार भली बाई. एक टेबल, दोन माणसं आणि ढीगभर लोकांच्या जुन्या वस्तू, एवढ्यावर त्यांचा कारभार चालायचा. त्यांनी स्वतः मऊ ब्रशने वरवंटा साफ केला, मापं घेतली, फोटो काढले आणि त्याची गोष्ट विचारून लिहून घेतली. माझ्या वरवंट्याची कोणी इतकी आस्थेने चौकशी करेल असं वाटलं नव्हतं, म्हणून मी गोष्ट थोडी वाढवूनच सांगितली. मग फॉर्मवर सही केली. दहाव्या कलमात लिहिलं होतं, प्रदर्शन संपेपर्यंत वस्तू हॉलबाहेर नेता येणार नाही. पस्तीस वर्षं मी ऑफिसात लोकांना न वाचता सह्या केल्याबद्दल झापत आलो. हे कलम मी घरी जाऊन वाचलं.

नात झाली. रविवारी बारसं ठरलं. गुरुवारी आई म्हणाली, "वसंता, वरवंटा काढून दे रे. धुवून ठेवतो मी."

आई ब्याऐंशीची, डोळ्यांनी कमी दिसतं. मी विचार केला, दगडासारखा दगड, तिला काय कळणार? बाजारात गेलो आणि नवा वरवंटा घेऊन आलो. जुना दिसावा म्हणून त्याला तेल चोपडलं, वर थोडी हळदही चोळली. आईने तो हातात घेतला, एकदा फिरवला आणि खाली ठेवला.

"हा आपला नोहे."

"आई, तोच आहे. धुतला म्हणून तसा वाटते."

"आपला एका अंगानं झिजला आहे. अर्धा माह्या सासूनं झिजवला, अर्धा म्या. मले शिकवते का तू?"

मग मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. तयारी होती. तिच्या मांडीवर वरवंट्यासाठीचं टोपरं होतं, जुन्या नऊवारीचं, डोळ्यांनी दिसत नसताना चाचपून चाचपून शिवलेलं. तिने फक्त त्याची घडी घातली आणि उशीखाली ठेवून दिलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शुक्रवारी हॉल उघडायच्या आधी मी दारात उभा. वरवंटा काचेच्या पेटीत, वर दिवा, खाली माझं नाव. इतका थाट माझ्या लग्नात माझा नव्हता. मॅडमना हात जोडले. "मॅडम, बस एक दिन के लिए दे दीजिए. बारसे के बाद मैं खुद ला के दूँगा."

"भैया, बाहर तो नहीं जा सकता. आपने साइन किया है न?"

"किया है. पढ़ा नहीं था."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मी आईच्या टोपऱ्याचं सांगितलं, तसं त्यांनी माझा फॉर्म काढून दहावं कलम पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "पत्थर बाहर नहीं जा सकता. बच्ची तो अंदर आ सकती है. यहीं कर लीजिए. हमारे पास पुरानी चीज़ें बहुत आती हैं भैया, उनको बरतने वाले नहीं आते."

घरी येऊन सांगितलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "लोकं पोट्टीचं बारसं हॉटेलात करते, आपण म्युझियममधी करून राहिलो." आईने मात्र उशीखालचं टोपरं काढलं.

रविवारी पाळणा हॉलच्या मधोमध लागला. एका बाजूला कोणाचा तरी नांगर, दुसऱ्या बाजूला धान्याची कोठी. मॅडमनी पेटीचं कुलूप काढलं आणि सगळ्या बायकांना पांढरे सुती हातमोजे वाटले, कारण प्रदर्शनातल्या वस्तूला उघडा हात लावायचा नाही असा नियम. पैठण्या नेसलेल्या आमच्या बायका एकदम ऑपरेशनला निघाल्यासारख्या दिसायला लागल्या.

आईने मोजे परत दिले. "बाई, म्या यावर चाळीस वर्षं मिरची वाटली. आता मोजे घालू?"

मॅडमना मराठी किती कळलं देव जाणे, पण "हव दाई", म्हणजे हो आई, म्हणत त्यांनी स्वतःचेही मोजे काढून ठेवले. वरवंट्याला टोपरं बसलं, काजळ लागलं, तो पाळण्याखालून फिरायला लागला. तेवढ्यात माझ्या हातात हॉलचा माइक आला आणि मी हिंदीतून सांगितलं की दगड असा फिरवला की बाळ दणकट होतं. झालं! प्रदर्शन बघायला आलेल्या साताठ बायका रांगेत शिरल्या. "एक घँव हमू ला देवव", एकदा आम्हालाही द्या, म्हणत एकीने घेतला, तिने दुसरीला दिला, कोणी त्याचा पापा घेतला, कोणी त्याच्यासोबत फोटो काढला. पाच मिनिटं टोपरं घातलेला दगड अख्ख्या हॉलभर हिंडत होता, आणि पाळण्यात माझी नात किंचाळत होती, तिच्याकडे बघायला कोणी नव्हतं. शेवटी माझ्या मुलीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, आवाज चढवून सगळ्यांना गप्प केलं आणि तिच्या कानात नाव सांगितलं. गौरी. मॅडम कॅमेरा धरून उभ्या होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

घुगऱ्या वाटून झाल्यावर आईने वरवंटा स्वतःच्या हाताने पेटीत ठेवला.

"माताजी, सहा महीने बाद घर भेज देंगे," मॅडम म्हणाल्या.

"रहने दो," आई म्हणाली. "घर में पाइप के नीचे पड़ा था. यहाँ दस लोगां प्यार से देखते. बस, अगले बच्चे के टाइम हम फिर आएँगे."

इतकं बोलून ती लहान पोरीसारखी हसली. गुरुवारपासून मी त्या हसण्याची वाट बघत होतो.

मॅडमना भलताच हुरूप आला. त्यांनी लगेच नवा फॉर्म काढला. "माताजी, घर में और कोई पुरानी चीज़ है? जो अब काम में नहीं आती?"

आईने क्षणभरही विचार केला नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. सुनंदाने मॅडमना पेन काढून दिला.

मॅडमनी मला आदराने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उमर?"

"बासष्ट," सुनंदा म्हणाली.

"नहीं होगा दीदी. कम से कम सौ साल चाहिए."

सुनंदाने उसासा टाकला. अजून अडतीस वर्षं मला घरीच ठेवावं लागणार होतं.