हिलालच्या कागदावरची पहिली ओळ

“मॅडम, तुमचा माणूस सोनं निघाला! सोमवारपासून त्याला बायांचा मुकादम करतोय,” शेठ फोनवर म्हणाले. नरडाण्याजवळ त्यांचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. मी खूश झाले. हिलालच्या फाइलमध्ये ‘बढती’ असं लिहूनही टाकलं. सतरा वर्षं हे काम करून एवढी मोठी चूक करायला वेगळीच हुशारी लागते.

मी धुळ्यात एका संस्थेत समुपदेशक होते. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांनी पुन्हा तसं करू नये, यासाठी त्यांच्यासोबत काम करायचं. “असल्यांसाठी कशाला मरतेस?” असं माझी बहीणही विचारायची. मी म्हणायचे, त्यांच्यासाठी नाही, पुढच्या बाईसाठी.

हिलाल पूर्वी शेतमजूर बायांचा मुकादम होता. स्वतःच टेम्पो चालवायचा, सकाळी बायांना शेतावर न्यायचा, संध्याकाळी घरोघर सोडायचा. एके संध्याकाळी टेम्पोत उरलेल्या शेवटच्या बाईवर त्याने बलात्कार केला. दहा वर्षं आत होता. मला तो कधीच आवडला नाही, हे सांगून टाकते.

“दारू पेल व्हतू,” हे त्याचं पहिलं उत्तर. सगळ्यांचंच असतं. मी विचारायचे, दारू तर रोज प्यायचास, मग त्याच दिवशी का? दीड वर्ष हाच प्रश्न. शेवटी एकदा मान खाली घालून बोलला, “उद्या कोणाले कामवर लेवानं, ते मन्हा हातमा व्हतं. ती बोलाव नही, हाई माले माहीत व्हतं.”

काम जाईल या भीतीने ती तोंड उघडणार नाही, हे त्याने हेरलं होतं. त्या दिवशी आमचं काम सुरू झालं. आम्ही ‘धोक्याचा कागद’ करतो. गुन्ह्यापर्यंत माणूस कोणत्या पायऱ्यांनी गेला, ते त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि त्यातली पहिली पायरीच टाळायची. हिलालने पहिली ओळ लिहिली होती: बायांचा मुकादम होणार नाही.

म्हणूनच त्याला जिनिंगच्या प्रेसवर लावलं होतं. तिथे रुईच्या गाठी बांधतात आणि सगळे पुरुषच असतात. मारामारीत आत गेला असावा, असा शेठचा समज होता. मी तो मोडला नव्हता. त्याची नोकरी जाईल, अशी भीती वाटली होती.

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हिलाल ऑफिसात आला. बरोबर त्याची थोरली बहीण, अक्का. सुटल्यावर तिनेच त्याला घरात घेतलं होतं. त्याने घडी पडलेला कागद टेबलावर ठेवला.

“मॅडम, हाई वाचा.”

मी वाचलं. पहिल्याच ओळीला थांबले.

“तुम्हीन बी भुली ग्यात का?” अक्का म्हणाली.

“शेठला नाही म्हणून सांग ना,” मी हिलालला म्हटलं.

“दोनदा सांगं. त्यासले वाटस, मी लाजस. माले मन्हंच भ्याव वाटस, मॅडम. मी खरं सांगसू. तुम्ही फक्त संगे चाला.”

आम्ही तिघं जिनिंगवर गेलो. हिलालने उभं राहून सगळं सांगितलं, काहीही गाळलं नाही. शेठचा चहा तसाच राहिला.

“मॅडम, माझ्याकडे चाळीस बाया कामाला आहेत. हे मला आधी का नाही सांगितलं?”

मी माफी मागितली, ती तोकडीच होती.

शेठनी हिलालला त्याच दिवशी काढलं. त्यांना दोष देण्याची माझी प्राज्ञा नव्हती. पंधरा दिवसांनी फोन आला: प्रेसवर परत येऊ दे, पण बायांचा टेम्पो फाटकाबाहेर गेल्याशिवाय त्याने प्रेस सोडायचा नाही. आणि मुकादम म्हणून त्यांनी चाळिसांतल्याच जिजाबाईंना नेमलं.

याला चार वर्षं झाली. हिलालविरुद्ध पुन्हा तक्रार नाही. दर महिन्याला तो कागद घेऊन यायचा, आता मी निवृत्त झाले, तरी तो संस्थेत जातो. याचं कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही. ती बाई गाव सोडून माहेरी गेली ती गेलीच. तो सुधारला म्हणून तिचं काहीच परत आलं नाही.

मुकादम झाल्यावर जिजाबाईंनी पहिल्याच दिवशी ड्रायव्हरला टेम्पोचा रस्ता बदलायला लावला होता. त्यांचं घर वाटेत लागतं, तरी त्या तिथे उतरत नाहीत. सगळ्या बाया घरी पोचवून मगच टेम्पो त्यांच्या दारात येतो.

“असं का हो?” मी विचारलं होतं.

“शेवटली मीच उतरसू,” त्या म्हणाल्या, “बठ्ठ्या बायास्ले माहीत शे ना, का ते.”

शेवटी एकट्या उरणाऱ्या बाईचा धोका सगळ्या बायांना माहीत होता; तो हिलालकडून वदवून घ्यायला मला दीड वर्ष लागलं होतं. त्या टेम्पोतल्या बायांना मी एकदाही विचारलं नव्हतं.